खंड (ञ)

अधिवेशनाचा पहिला दिवस.
आधी दिवंगतांना श्रद्धांजली,
मग गोंधळातच सात विधेयकं मांडली गेली,
कागद पटलावर, सभागृह दोनपर्यंत तहकूब.
टीव्हीवर एवढंच.

पाचवं विधेयक माझ्याकडे आलं,
बेलापूरला, सेक्टर अकरात, तिसऱ्या मजल्यावर,
सोमवारी रात्री पावणेनऊला, त्रेचाळीस पानं,
वर तिरोडकर बाईंची एक ओळ:
गुरुवारपर्यंत मराठी हवं. दर जुनाच.

खाडी व किनारा (विनियमन आणि विकास) विधेयक.
अकरा वर्षं हेच करते आहे.
‘आणि’च्या कुठल्या बाजूला वजन असतं
ते मला डोळे मिटून सांगता येतं.
‘काहीही अंतर्भूत असले तरी’ म्हणजे बाकीचं विसरा.
‘यथास्थिति’ म्हणजे बघू.
‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ म्हणजे
अजून कुणालाच माहीत नाही.
मुलगी एकदा भांडताना म्हणाली,
आई, तुझ्या नियमांना कधी परंतुक का नसतं?

पान चार. कलम दोन. व्याख्या.
(ञ) ‘मच्छीमार’ याचा अर्थ, नोंदणीकृत नौकेवरून
मासेमारी करणारी व्यक्ती, असा आहे.

ञ.
हे अक्षर मी फक्त विधेयकांतच टाइप करते.
बालवाडीच्या भिंतीवरच्या तक्त्यात
ज जहाजाचा होता, झ झबल्याचा,
आणि ञ च्या खाली रिकामा चौकोन.
बाई छडी त्याच्यावरून पुढे न्यायच्या,
थेट ट टरबुजाकडे.

दिवाळ्याची गोमीबाय नाखवा बुधवारी येते,
आमच्या गेटपाशी, पिंपळाच्या पारावर.
तिला होडी नाही. नवऱ्याचीही नव्हती.
पाणी उतरलं की ती मांडीभर गाळात शिरते,
बिळात कोपरापर्यंत हात घालून निवट्या काढते,
खुबे तळपायाने शोधते.
भांगाच्या दिवसांत येत नाही,
तेव्हा पाणी पुरतं हटत नाही म्हणे.

मी तिला सांगितलं. सोपं करून,
जसं मला कुणी पैसे देत नाही तसं.
ती निवट्यांना राख चोळत होती.
मान वर न करता म्हणाली,
‘मंग त्या कागदान चिखोल हाय का गो?’

फोनवर फाइल उघडून शोधलं.
बंदर: चौतीस वेळा. जेट्टी: एकोणीस. कांदळवन: नऊ.
चिखल: काहीही सापडले नाही.

‘नाही,’ म्हटलं.
‘मंग आमी त्यान नाय. बरा झाला.’
आणि मूठभर खुबे वरचे टाकले पिशवीत.

कलम एकतीस मी तिला वाचून दाखवलं नाही:
व्याख्येत न बसणारी कोणतीही व्यक्ती
भरती-ओहोटीच्या पट्ट्यात आढळल्यास.
पुढे दंडाचा आकडा आहे.
तो आकड्यात आणि अक्षरात, दोन्हीत लिहायचा असतो,
चूक होऊ नये म्हणून.

रात्री समासात टीप लिहिली:
पायी जाणाऱ्यांसाठी शब्द नाही. मूळ मसुद्यात राहून गेला का?
दहा मिनिटांत उत्तर:
टिपा काढून पाठवा.
काढल्या. ‘नौकेवरून’ तसंच ठेवलं.
माझं काम जसंच्या तसं ठेवण्याचं आहे,
आणि मी ते चांगलं करते, असं सगळे म्हणतात.

त्रेचाळीस पानांची मराठीत एकावन्न झाली.
आपली भाषा जागा जास्त घेते.
त्या जास्तीच्या आठ पानांत
एक पाऊल मावलं असतं, घोट्यापर्यंत तरी.

मग खुबे उकळायला ठेवले.
एकेक करून उघडत गेले.
एक मिटलेलाच राहिला.
असा टाकून द्यायचा असतो, आई सांगायची.
मी तो ओट्यावर ठेवलाय,
सकाळपर्यंत बघते.